इंग्रज नेमके कधीपासून इंग्रज? (आर्थर, आल्फ्रेड, सेंट जॉर्ज, रॉबिन हूड आणि मंडळी)

चिंचगुळ (धागालेखिका)

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली सहा वर्षं विंचेस्टरजवळ राहतो. लेकीला शाळेतून काम मिळालंय: 'इंग्लंडचा एक वीर' निवडायचा, त्याचं चित्र काढायचं आणि खाली पाच ओळी लिहायच्या. आमच्या गावात हे अवघड नसावं असं मला वाटलं होतं. इथल्या जुन्या किल्ल्याच्या दरबारात भिंतीवर आर्थर राजाचं गोल मेज टांगलेलं आहे. साडेपाच मीटर व्यास, ओकचं लाकूड, कडेने सरदारांची नावं. लेकीने ते पाहिल्या दिवसापासून तिचा वीर ठरलेला होता. तिने मेज काढलं, त्याभोवती घोडे काढले (मेजापेक्षा घोडे मोठे झालेत, असो).

शनिवारी ती चित्र घेऊन शेजारच्या आजोबांकडे गेली. आजोबा वेल्श, कार्मार्थनकडचे. त्यांनी कौतुक केलं, खाऊ दिला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "छान काढलंयस बाळा, पण आर्थर इंग्रजांचा नव्हे. तो आमचा. तो इंग्रजांशीच लढला." पोर रडवेली होऊन घरी आली.

त्या रात्री मी वाचायला बसले आणि माझाच गोंधळ वाढला. आर्थर सॅक्सनांविरुद्ध लढला, म्हणजे इंग्रजांच्या पूर्वजांविरुद्धच. इंग्लंडचा संरक्षक संत मानला जाणारा सेंट जॉर्ज तर इंग्लंडात कधी आलाच नाही. रॉबिन हूड होऊन गेला की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मग 'आम्ही इंग्रज' ही जाणीव या लोकांत आली कुठून? कधी आली? माहीतगारांनी कृपया लिहा. आणि लेकीसाठी एखादा वीर सुचवा, सोमवारपर्यंत द्यायचंय.

राज्य करायला आले, लुटून गेले, यावर इथे आधीच पुष्कळ धागे आहेत. इथे तो विषय नको, ही विनंती.

---

बखरवाचक

फार आवडीचा विषय काढलात. तुमचे आजोबा बरोबर आहेत.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन फौजा ब्रिटनमधून गेल्या. त्यानंतर आजच्या जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन, ज्यूट लोक येऊन वसू लागले. आधीपासून राहणारे ते ब्रिटन लोक, म्हणजे वेल्श मंडळींचे पूर्वज. सहाव्या शतकात गिल्डास नावाच्या साधूने या संघर्षाबद्दल लिहिलंय. त्यात बेडनच्या लढाईत ब्रिटनांनी सॅक्सनांना हरवल्याची नोंद आहे, पण आर्थरचं नाव कुठेही नाही. ते नाव लढायांच्या यादीसकट येतं ते ८३० च्या आसपास वेल्समध्ये लिहिलेल्या एका लॅटिन इतिहासात. तिथे बारा लढाया आहेत आणि बारावी बेडनची. घटना आणि नोंद यांत तीन शतकांचं अंतर!

पुढे ११३६-३८ च्या सुमारास मन्मथच्या जेफ्रीने ब्रिटनच्या राजांची लॅटिन कथा लिहिली. त्यात ट्रॉयहून आलेला ब्रूटस हा मूळपुरुष, मर्लिन, आर्थर, सगळे आले. तोवर फ्रान्सच्या नॉर्मंडीहून आलेले नॉर्मन राजे इंग्लंडवर बसले होते आणि त्यांना ही कथा फार सोयीची होती. आपण सॅक्सनांना जिंकलं, आर्थरनेही सॅक्सनांना झोडपलं, म्हणजे आर्थर आपला!

आता तुमचं मेज. ते आर्थरच्या काळातलं नाही, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. ते बहुधा पहिल्या एडवर्डच्या काळात केलं गेलं आणि त्यावरचं रंगकाम आठव्या हेन्रीने करवलं. मधोमध ट्यूडर घराण्याचं गुलाबाचं फूल आहे, नीट बघा. याच एडवर्डने वेल्स जिंकून घेतलं. त्याआधी १२७८ मध्ये ग्लास्टनबरीच्या मठात आर्थरची म्हणून दाखवली जाणारी कबर उघडून हाडं समारंभाने पुन्हा पुरली गेली, तेव्हा तो राणीसह हजर होता. ती कबर मठातल्या साधूंना 'सापडली' ११९१ मध्ये, आणि मठ आगीत जळाला होता ११८४ मध्ये. बांधकामाला पैसा हवा होता हे ध्यानात घ्या. आर्थर परत येईल अशी वेल्श लोकांची श्रद्धा होती. त्याची कबर दाखवली की ती आशा संपते, हाही हिशेब त्यात होता.

---

कौलारू

बखरवाचकांना +१.

एक भर. 'वेल्श' हे नाव वेल्श लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. जुन्या इंग्रजीतल्या 'परका' अशा अर्थाच्या शब्दावरून ते आलंय. म्हणजे नंतर आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांना परकं म्हटलं आणि तेच नाव जगभर झालं. ते स्वतःच्या देशाला 'कम्री' म्हणतात, त्याच्या मुळाशी 'आपल्या भूमीतले सोबती' असा अर्थ आहे. आणि इंग्रज माणसाला वेल्श भाषेत आजही 'साइस' म्हणतात, म्हणजे सॅक्सन. आजोबांना विचारा, खूश होतील.

---

सांदीकोपरा

धागा छान, पण प्रश्नच चुकीचा वाटतो. राष्ट्र ही अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली कल्पना आहे. छापखाना, शाळा, वर्तमानपत्रं, रेल्वे आल्यावर लोकांना आपण एक आहोत असं वाटू लागलं. त्याआधी यॉर्कशायरचा शेतकरी आणि केंटचा शेतकरी एकमेकांची बोलीसुद्धा धड समजू शकत नव्हते. आर्थर, आल्फ्रेड वगैरे व्हिक्टोरिया राणीच्या काळात घासूनपुसून चौकात उभे केले. विंचेस्टरचाच आल्फ्रेडचा पुतळा घ्या. तो १९०१ मध्ये बसवला, राजाच्या मृत्यूला हजार वर्षं झाली म्हणून. आणि तो गेला होता ८९९ मध्ये!

---

बखरवाचक

सांदीकोपरा, इतर देशांबाबत हे बऱ्याच अंशी मान्य. इंग्लंडच्या बाबतीत मात्र मला ते पटत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

७३१ मध्ये ईशान्येकडच्या जॅरोच्या मठात बीड नावाच्या साधूने लॅटिनमध्ये एक धर्मेतिहास पूर्ण केला. त्याच्या नावातच 'इंग्रज लोकांचा' असं आहे. त्या वेळी इंग्लंड नावाचं राज्य अस्तित्वात नव्हतं. केंट, वेसेक्स, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया अशी वेगवेगळी राज्यं होती आणि ती एकमेकांच्या उरावर बसलेली असायची. तरी हा माणूस त्या सगळ्यांना मिळून एक लोक म्हणतो. राज्य नाही, राजा नाही, राजधानी नाही, पण एका पुस्तकात 'आपण' आहे. पोप ग्रेगरीने रोमच्या बाजारात गोरी गुलाम मुलं पाहिली, कोण म्हणून विचारलं, 'अँगल' असं उत्तर आलं, तेव्हा तो म्हणाला की यांचे चेहरे देवदूतांसारखे आहेत. लॅटिनमध्ये दोन्ही शब्द जवळजवळ सारखे. ही गोष्टही बीडनेच लिहून ठेवली. पुढे ५९७ मध्ये त्या पोपचा धर्मप्रचारक ऑगस्टीन केंटला आला, हा मात्र इतिहास.

मग डेन्मार्ककडचे डेन आले. त्यांनी एकेक राज्य गिळलं, आणि ८७८ च्या हिवाळ्यात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड सॉमरसेटच्या दलदलीत अॅथेलनीला लपून राहिला. धनगराच्या की गवळ्याच्या बायकोने भाजायला ठेवलेल्या भाकऱ्या त्याच्याकडून करपल्या आणि ती त्याला बोलली, ही गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लिहिली गेली. पण त्याच वर्षी एडिंग्टनला त्याने डेनांना हरवलं आणि त्यांचा राजा गुथरम याला बाप्तिस्मा घ्यायला लावला, हे खरं. पुढे त्याने तटबंदीची गावं वसवली, कायदे लिहवले आणि लॅटिन ग्रंथ लोकांच्या भाषेत आणवले. त्याच्या नातवाने, एथेलस्टनने, ९२७ मध्ये नॉर्थम्ब्रिया घेतलं. सगळ्या इंग्लंडचा पहिला राजा तो.

त्याने आणि त्याच्या वारसांनी परगण्यांची जी रचना घट्ट केली, तिच्या सीमा कित्येक ठिकाणी १९७४ पर्यंत जवळपास तशाच होत्या. गावागावात तेच नाणं, तीच न्यायसभा, राजाचा तोच हुकूम. नॉर्मन राजा विल्यमने १०८६ मध्ये जमिनीची एवढी मोठी नोंद करवली ती या आयत्या यंत्रणेच्या जोरावर. केंटच्या शेतकऱ्याला यॉर्कशायरची बोली कळत नसेल, पण दोघेही एकाच राजाच्या नावाचं नाणं कर म्हणून देत होते. माझ्या मते मूळ तिथे आहे.

---

धुळपाटी

मी मूळचा बीडचा. या बाबांबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली आहे. 🙂

---

मेतकूट

नॉर्मनांचा विषय निघालाच आहे तर ताटाकडे या. गोठ्यातल्या जनावराचं नाव इंग्रजी आणि तेच ताटात आलं की फ्रेंच! गाय 'काऊ', मांस 'बीफ'. मेंढी 'शीप', मांस 'मटन'. डुक्कर 'पिग', मांस 'पोर्क'. राखणारे इंग्रज, खाणारे नॉर्मन. १०६६ च्या ऑक्टोबरात हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रज राजा हॅरल्ड नॉर्मनांपुढे पडला आणि त्याची खूण अजून मेनूकार्डावर आहे.

---

दूर्वांकुर

मेतकूट, ही मांडणी मलाही फार आवडायची. पण मध्ययुगात हे शब्द इतके नीट वाटलेले नव्हते. 'मटन' हा शब्द जिवंत मेंढीलाही वापरत. आजची चोख विभागणी बरीच नंतर पक्की झाली आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका गाजलेल्या कादंबरीमुळे ती घरोघरी पोचली.

माझं मत विचाराल तर डेनांचा ठसा जास्त खोल आहे. 'आकाश' या अर्थाचा 'स्काय', 'अंडं' या अर्थाचा 'एग', 'कायदा' या अर्थाचा 'लॉ', एवढंच काय 'ते' या अर्थाचा 'दे', हे सगळे शब्द डेन-नॉर्स लोकांचे. परक्या भाषेतून नामं सहज येतात, सर्वनाम येत नाही. ते यायला एकाच अंगणात, एकाच चुलीशी पिढ्या जाव्या लागतात. डर्बी, व्हिट्बी, ग्रिम्स्बी, ज्या गावांच्या शेवटी 'बी' आहे त्यांतली बहुतेक त्यांनी नाव दिलेली. ज्यांच्याशी आल्फ्रेड लढला तेही इंग्रजच झाले.

---

उत्तररात्र

नॉटिंगहॅममध्ये दहा वर्षं काढली, त्यामुळे रॉबिन हूडबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्याचा सगळ्यात जुना उल्लेख १३७७ च्या सुमाराच्या एका दीर्घ काव्यात आहे. एक आळशी धर्मगुरू कबुली देतो की मला प्रार्थना नीट येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी येतात. म्हणजे तेव्हाच ती गाणी लोकांच्या तोंडी बसलेली होती. जुन्या पोवाड्यांतला रॉबिन सरदार नाही, साधा मोकळा शेतकरी वर्गातला माणूस आहे. शेरवुडइतकाच तो यॉर्कशायरच्या बार्न्सडेलचा आहे. त्यातला राजा रिचर्ड नाही, एडवर्ड आहे. रिचर्ड आणि जॉनच्या काळात त्याला नेऊन बसवलं १५२१ मध्ये एका स्कॉटिश इतिहासकाराने. मॅरियन वसंतोत्सवाच्या खेळांतून आली. सरदारकी चिकटली १५९८ च्या नाटकांतून.

प्रत्येक शतकाने त्याला आपल्याला हवं ते दिलं. तरी एक गोष्ट पहिल्यापासून आहे: त्याचं वैर राजाशी नाही, शेरीफशी (राजाच्या परगण्यातल्या अधिकाऱ्याशी) आणि गबर मठाधिपतींशी आहे. राजा चांगला, मधले लोक वाईट. हे मला इंग्रजांच्या स्वभावाच्या फार जवळचं वाटतं. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याखाली त्याचा पुतळा आहे, त्याच्या हातातला बाण लोक इतक्यांदा पळवून नेत की नगरपालिकेला तो पुन्हा पुन्हा बसवावा लागे.

---

जुनाजाणता

सगळे सुंदर लिहीत आहेत. आपल्या भाषेकडूनही या प्रश्नाकडे बघता येतं, म्हणून थोडं.

आपण सरसकट 'इंग्रज' म्हणतो. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आला. १६६८ मध्ये मुंबई कंपनीला मिळाली, १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर आला, तेव्हाची माणसं खरोखर इंग्लंडच्या राज्याची होती. त्यांच्या कंपनीच्या निशाणावर कोपऱ्यात सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस होता. इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून एक राज्य झालं ते १७०७ मध्ये. पेशवाई बुडाली तेव्हा समोर उभे होते ते ब्रिटनचे लोक. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. जॉन माल्कम स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश. मुंबईत कॉलेज काढणारे विल्सनही स्कॉटिश. आपण चौघांनाही इंग्रजच म्हणत आलो. आणि गंमत अशी की खुद्द इंग्लंडातली माणसंही पुष्कळ काळ 'इंग्लिश' आणि 'ब्रिटिश' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरत होती.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी टोपीकरांची नावं देताना फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस आणि डिंगमार असं लिहिलंय. यातले डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. आल्फ्रेडला दलदलीत पळवणाऱ्यांचे वंशज आपल्या अमात्यांनी इंग्रजांच्या शेजारी एकाच ओळीत बसवले आहेत. ते वाक्य आता वाचताना मला निराळंच दिसतं.

---

कौलारू

जुनाजाणता काका, प्रतिसाद जपून ठेवला आहे. _/\_

---

सांदीकोपरा

बखरवाचक, राज्यव्यवस्था जुनी आहे हे मान्य करतो. बीडबद्दल मला माहीत नव्हतं. पण व्यवस्था असणं वेगळं आणि जनतेच्या मनात ओळख असणं वेगळं, यावर मी ठाम आहे. एक ताजं उदाहरण देतो. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ५७.७ टक्के लोकांनी राष्ट्रीय ओळख 'फक्त इंग्लिश' अशी दिली. २०२१ मध्ये तो आकडा १४.९ वर आला आणि 'फक्त ब्रिटिश' १९.१ वरून ५४.८ झाले. दहा वर्षांत एवढं मन बदललं? इंग्लंडच्या अर्जावर या वेळी 'ब्रिटिश' हा पर्याय सर्वांत वर आणला होता, त्याचा मोठा वाटा असावा असं जनगणनेच्या कार्यालयाचंच म्हणणं आहे. ओळख इतकी पातळ असू शकते की यादीचा क्रम बदलला की ती बदलते.

---

उत्तररात्र

किंवा ती इतकी मुरलेली आहे की इंग्रज माणसाला दोन्ही चौकटी सारख्याच वाटतात. स्कॉटिश माणसाला विचारून बघा, तो क्रमाने फसणार नाही.

१९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची चित्रफीत पाहा. वेम्बलीत इंग्लंडचे प्रेक्षक युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचं निशाण, फडकवताना दिसतात. १९९६ च्या युरो स्पर्धेत त्याच मैदानावर स्कॉटलंडशी सामना झाला तेव्हा सगळीकडे पांढऱ्यावर तांबडा क्रॉस. स्कॉटलंडची वेगळी संसद १९९९ मध्ये आली. शेजारी घर वेगळं करू लागले तेव्हा यांनी आपल्या पेटीतून जॉर्जचं निशाण बाहेर काढलं.

---

चाफेवाट

त्या जॉर्जबद्दलही लिहू का? तो रोमन सैन्यातला ख्रिस्ती हुतात्मा, सुमारे ३०३ मध्ये मारला गेला अशी परंपरा. त्याचं मुख्य स्थान पॅलेस्टाइनमधलं लिड्डा. ड्रॅगनची गोष्ट बऱ्याच शतकांनी जोडली गेली. इंग्लंडचा आधीचा मान्यवर संत होता एडमंड, ८६९ मध्ये डेनांनी मारलेला पूर्व अँग्लियाचा राजा. मातीतला माणूस मागे पडला आणि लांबचा पुढे आला. कारण तिसऱ्या एडवर्डला लढाईचा संत हवा होता. त्याने १३४८ च्या सुमारास गार्टर हा सरदारांचा मानाचा संघ काढला तो जॉर्जच्या नावाने.

मला यात कमीपणा वाटत नाही. बेथलेहेमजवळच्या गावांत आजही लोक याच संताला नवस बोलतात. माझी गोव्यातली आजीही त्याला मानायची. तेवीस एप्रिलला इथल्या चर्चमध्ये जाते तेव्हा मला घरचा कुणी भेटल्यासारखं वाटतं.

---

दगडीचाळ

राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेचं नाव कुणीच कसं काढलं नाही? १५ जून १२१५, रनीमीडचं कुरण, जॉन राजा. पोपने ती सनद काही आठवड्यांतच रद्द केली होती, तरी पुढच्या राजांनी ती पुन्हा पुन्हा काढली आणि सतराव्या शतकात वकिलांनी तीच राजासमोर धरली. आम्ही मागच्या उन्हाळ्यात तिथे गेलो होतो. कुरणात एक ओक आहे, १९९४ मध्ये आपले पंतप्रधान नरसिंह राव यांनी लावलेला. ते रामटेकचे खासदार होते आणि हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली होती. त्या झाडापाशी आईचा फोटो काढला. ती बराच वेळ तिथून हलायला तयार नव्हती.

---

दूर्वांकुर

चिंचगुळ, मूळ प्रश्न राहूनच गेला. लेकीसाठी माझ्याकडून नाव: एथेलफ्लेड. आल्फ्रेडची मुलगी, मर्सियाची स्वामिनी. नवरा गेल्यावर तिने स्वतः राज्य चालवलं, भावाच्या जोडीने तटबंदीची गावं बांधत डेनांना मागे रेटलं. ९१७ मध्ये डर्बी घेतलं, ९१८ मध्ये लेस्टर लढाईविना ताब्यात आलं आणि त्याच वर्षी टॅमवर्थला ती गेली. तिच्याच घरी वाढला असं सांगतात तो तिचा भाचा एथेलस्टन, पुढे सगळ्या इंग्लंडचा राजा झालेला. म्हणजे इंग्लंड घडवलं ते आत्याने! टॅमवर्थला तिचा पुतळा आहे, शेजारी छोटा एथेलस्टन.

---

चिंचगुळ (धागालेखिका)

सगळ्यांचे मनापासून आभार. सांदीकोपरा, तुमचं म्हणणं अजून डोक्यात घोळतंय. बखरवाचक, बीडचा इंग्रजी अनुवाद वाचनालयातून आणलाय.

दूर्वांकुर, 'आत्या' म्हटल्याबरोबर लेकीने पेन्सिल उचलली. तिची आत्या नाशिकला असते, तिच्याच चेहऱ्याची एथेलफ्लेड झाली आहे. हातात तलवार, कडेवर भाचा, मागे लाकडी तट.

मग दोघी चित्र घेऊन आजोबांकडे गेलो. मला थोडी धाकधूक होती. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हिने आमच्या ब्रेकनकडे फौज पाठवून राजाच्या बायकोला धरून नेलं होतं." मग उठून एक जुनं पुस्तक काढलं आणि ९१८ सालची वेल्श नोंद दाखवली. तिच्या माहेरच्या वेसेक्सच्या बखरीत ती फारशी नाही, पण वेल्सच्या बखरकारांनी लिहिलंय: राणी एथेलफ्लेड वारली. आल्फ्रेडचं चरित्र लिहिणारा अॅसरही वेल्शच होता, हेही त्यांनी सांगितलं.

लेकीची पाचवी ओळ तीच आहे: 'वेल्श लोक तिला राणी म्हणत.' गोल मेजाचं आणि मोठ्या घोड्यांचं चित्र आजोबांनी मागून घेतलं. ते आता त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर लावलेलं आहे.